रिकामा रकाना

लेक जुलाब-उलट्यांनी दोन दिवस सलाईनवर, आणि सरकारी वेबसाइटवर आमच्या पाण्याच्या टाकीसमोर वर्षभर ‘जंतू: शून्य’! ती वेबसाइट माझ्याच टीमने बनवलेली, म्हणून डोकं जास्तच फिरलं. तडक पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेले आणि ओळख सांगून जाब विचारला.

“मॅडम, त्या टाकीचं पाणी वर्षभर तपासलंच नाही. तपासायला माणूसच नाही,” कारकून म्हणाला.

“मग शून्य कशाला टाकलंत? रकाना रिकामा सोडायचा!”

“सोडला होता की. तुमचा फॉर्म पुढेच सरकेना.”

एकही रकाना रिकामा चालणार नाही, हा नियम मीच भांडून मंजूर करून घेतला होता.

“बरं, आता तरी ते शून्य काढा.”

“आम्हाला नाही काढता येत. वेबसाइटवर तक्रार टाका.”

तिथेच बाकावर बसून मोबाइलवर तक्रारीचा फॉर्म उघडला. ‘तपासणी अहवालाचा क्रमांक’ भरल्याशिवाय तो पुढे जाईना. तपासणीच झाली नाही, तर क्रमांक कुठून आणू?


दातओठ खात मी शून्य टाकलं.