शेवटची दहा मिनिटं

"रडका सिनेमा," वेल्डरने निकाल दिला आणि डबा उघडला. "शेवट काय होणार ते मला पहिल्या अर्ध्या तासातच कळलं. पुढे नुसती खुर्ची टोचत होती."

बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सिनेमे सोलून काढायची पद्धत होती. या खेपेला कामगार संघाने सगळ्यांना एकाच सिनेमाचे पास वाटले होते, तेव्हा मत दिल्याशिवाय कोणाची सुटका नव्हती. स्टोअरच्या बाईंनी नाक मुरडलं. मारामारी नसली की वेल्डरला तो सिनेमाच वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः दोन रुमाल भिजवून आल्या होत्या.

"तुम्ही बोला, वैद्यबुवा," बाई म्हणाल्या.

वैद्यबुवा म्हणजे हेड मेकॅनिक. चाक जॅकवर उचलायचं, हाताने फिरवायचं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चाकाच्या मध्याशी टेकवून मूठ कानाला लावायची आणि आत कुठे दुखतंय ते सांगायचं, ही त्यांची तीस वर्षांची नाडीपरीक्षा. त्यांनी मान हलवली की गाडी रस्त्यावर जायची. सह्या वगैरे मागून व्हायच्या.

"मी हल्ली घरीच बघतो," ते म्हणाले. "नात झोपलेली असते, म्हणून आवाज बंद ठेवायचा आणि खालची अक्षरं वाचायची. चालतं तेवढ्यावर. पण घरी बघितलेले दहा एकीकडे आणि हा एक एकीकडे. ती शेवटची दहा मिनिटं! आई खिडकीशी पाठमोरी उभी, थोरला दारात, आणि एक शब्द नाही. इतका वेळ गप्प बसायला छाती लागते हो. मी रडलो, लपवू कशाला."

वेल्डरचा घास हातातच राहिला.

"अहो, त्या दहा मिनिटांत तर ती सगळं सांगते," बाई म्हणाल्या. "धाकट्याला कोणाला दिलं, का दिलं, सगळं. एका दमात बोलते. मी त्यावरच तर रडले."

"झोपले असतील बुवा," वेल्डर म्हणाला.

"तसंच असेल," वैद्यबुवा म्हणाले. "डोळा लागला असेल."

सगळे हसले. झोपेत रडणारा माणूस पहिल्यांदाच बघतोय, असंही वेल्डर म्हणाला. वैद्यबुवांनीही हसून घेतलं आणि डब्याचं झाकण लावलं.

डोळा लागला नव्हता. आईची वेणी अर्धी सुटली होती, खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता, मुलगा हातातली किल्ली या बोटातून त्या बोटात फिरवत होता. त्यांना सगळं आठवत होतं. आईचं तोंड तेवढं दिसलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये सगळेच ओरडून बोलतात आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघून ऐकतात, त्यात कोणाला काय वावगं वाटणार?

ते उठून थेट शेडमध्ये गेले. तिथे एक गाडी पुढचं चाक वर करून उभी होती आणि ड्रायव्हर त्यांचीच वाट बघत होता. वैद्यबुवांनी चाक फिरवलं आणि मूठ कानाला लावली. बिघडलेलं बेअरिंग बारीक किरकिरतं, भाकरीत खडा लागावा तसं. इथे काहीच नव्हतं. चाक लोण्यासारखं फिरत होतं. त्यांनी दुसरा कान लावून पाहिला. तेच.

गेली एक-दोन वर्षं त्यांना सगळीच चाकं अशी गुळगुळीत लागत होती. नवीन ग्रीस चांगलं आलंय, असं ते चारचौघांत सांगतही होते.

"तुला काय ऐकू येतंय?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"माझी परीक्षा घेताय होय?" ड्रायव्हर हसला. "किती किरकिरतंय ते! तीन दिवस डोकं उठलंय माझं. म्हणून तर आणली गाडी."

वैद्यबुवांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. आधी त्यांना नोकरीची भीती वाटली. मग सकाळी सात वाजता डोंगराच्या रस्त्याने गेलेली गाडी आठवली, पुढच्या बाकावर मुलाला मांडीवर घेऊन बसलेली बाई आठवली, आणि त्या भीतीची लाज वाटली.

डेपोचे साहेब केबिनमध्ये फाइल चाळत होते.

"सकाळची डोंगराची गाडी थांबवा," वैद्यबुवा म्हणाले.

"का? फोन आला का कोणाचा?"

"नाही."

"मग? ती तर तुम्ही स्वतः तपासून सोडलीत."

"म्हणून तर."

साहेबांनी फाइल मिटली. मग त्यांनी काही न विचारता फोन उचलला आणि पुढच्या स्टँडवर गाडी रिकामी करायला सांगितलं. वैद्यबुवा टेबलाला धरून उभे होते.

साहेबांनी तपासणीचं रजिस्टर ओढलं. आजच्या पानावर वैद्यबुवांच्या नावाने आणखी चार गाड्या होत्या. त्यांनी चारही नंबर कागदावर उतरवले. पान उलटलं. कालच्या सहा. आणखी एक पान उलटलं आणि हात थांबला.

"वैद्यबुवा," त्यांनी मान वर करून विचारलं, "कुठपर्यंत मागे जाऊ?"

"जात राहा, साहेब."