नळीची शंका

लेकीला लागोपाठ दुसरी उलटी झाली, तसा मृणालताईंचा धीर सुटला.

डोक्यात पाणी साठणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनवर त्या दहा वर्षं इतर आयांना धीर देत होत्या. "घाबरू नका. मुलानं काय खाल्लं ते विचारा, शंका वाटली तर लगेच दवाखाना गाठा," हे त्यांचं रोजचं वाक्य. आज स्वतःच्या ओवीला विचारायचं मात्र सुचलंच नाही. तान्हेपणी साठलेलं पाणी काढायला तिच्या डोक्यात बसवलेली नळी तुंबली, म्हणूनच या उलट्या, असं धरून त्यांनी तिला रिक्षात घातलं.

तपासणीनंतर डॉक्टर हसले. "नळी ठणठणीत आहे. गडबड पोटात आहे."

ओवीनं मान खाली घातली. "शाळेबाहेर पैज लागली होती. पाणीपुरीची. बावन्न खाल्ल्या."

"बावन्न? अगं कार्टे!"

चौदा वर्षं जिच्यावर आवाज चढवायची छाती झाली नव्हती, तिला ओरडून मृणालताईंनी दवाखाना दणाणून सोडला. चारचौघींसारखं, मनसोक्त, डोळे पुसत पुसत.

परतताना रिक्षात मात्र त्यांना राहवेना. "जिंकलं कोण?"

"मी!" ओवी म्हणाली.