सतरा गाठी

युद्धाच्या काळातली कापडं जमवायचा मला नाद आहे. बायको त्यांना चिंध्या म्हणते. त्याच नादात मी जपानमध्ये कुरामोची आजोबांकडे पोचलो. हजार बायकांनी एकेक गाठ मारलेला पोटपट्टा त्यांनी माझ्यासमोर उलगडला. ते लढाईवर निघाले तेव्हा त्यांच्या आईने स्टेशनाबाहेर उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना वाकून विनवत तो भरून घेतला होता.

"आमच्याकडे दर वर्षाला एकेका प्राण्याचं नाव असतं. वाघाच्या वर्षात जन्मलेलीला मात्र वयाइतक्या गाठी मारता यायच्या," आजोबा म्हणाले. "वाघ कितीही लांब गेला तरी घरी परततो ना. ह्या सतरा गाठी बघा. त्या पोरीमुळे मी जिवंत परतलो. नंतर तिला खूप शोधलं, पण सापडली नाही. मग आईने सशाच्या वर्षातली ही बायको करून दिली."

आजी चहा ओतत होत्या. मी भिंग लावलं.

"सतराही गाठींचा पीळ उलटा आहे. मुलगी डावखुरी असणार."

आजींचा डावा हात किटलीवर थांबला.

"माझ्याच आहेत त्या," त्या म्हणाल्या. "सासूबाईंना वाघीण स्टेशनावर चालत होती, सून म्हणून नको होती. म्हणून लग्न ठरताना मी एक वर्षाने लहान होऊन ससा झाले."

आजोबांनी पट्ट्याची घडी घातली.



"तरीच. पन्नास वर्षं मला कळत नव्हतं, मी एका सशाला एवढा का घाबरतो."