परक्याचा हात

एकादशीला मलिंगारांच्या घरी उर्मिलाबाईंनी मुलाच्या नियोजित वधूला, पेरू देशाच्या सिसाला, स्वयंपाकघराबाहेरच अडवले. "निमिष, तुझ्या पेरूवालीला सांग, माझ्या उपासाच्या ताटाला परक्याचा हात चालत नाही. आणि घराण्यालाही." वनस्पतिशास्त्र शिकलेल्या निमिषने त्या ताटातली बटाट्याची भाजी उचलली. "मग काढतो. बटाटा हिच्या पूर्वजांचा." "काहीतरीच! बटाटा तर आयरिशांचा!" "त्यांनाही तिकडूनच मिळाला." पाठोपाठ त्याने खिचडी, दाण्याची आमटी, मिरची आणि रताळ्याचा कीसही उचलला. "दाणे, मिरची, रताळं सगळं तिकडचंच. साबुदाण्याचा कंदसुद्धा दक्षिण अमेरिकेचाच. स्पॅनिशांनी यांची शेतं लुटली, पोर्तुगीजांनी पिकं आपल्याकडे आणली. मालकच परके?" ताटात दह्याची वाटी तेवढी उरली. उर्मिलाबाईंच्या पोटात सकाळपासून कण नव्हता. खिचडीचा वास छळत होता. सिसाने खिचडी पुन्हा पुढे केली. त्यांनी पाण्याचा पेलासुद्धा ढकलला. "निर्जळी करीन, पण हिला सून म्हणणार नाही!"