एक ओळ कमी

जुन्या सर्व्हरवर नऊ डेटाबेस होते. त्यातल्या रहिवाशांच्या यादीत ४१,२०८ नोंदी होत्या. तिने हा आकडा सकाळी पेनने वहीत लिहिला आणि त्या अख्ख्या सर्व्हरच्या बॅकअपची एकच कमांड दिली.

बॅकअप झाला की तो रिकाम्या मशीनवर उतरवून मोजायचा, ही तिची सवय. मोजणी आली ४१,२०७.

तिने पुन्हा बॅकअप घेतला. पुन्हा ४१,२०७. मग सर्व्हरवरची यादी आणि बॅकअपमधली यादी ताडून पाहिली. गळलेली नोंद तिच्या दादाची होती.

"एका ओळीनं काय आभाळ कोसळतंय?" साहेब वैतागले. "चारला जुना सर्व्हर पुसायचाय."

तिने घरी फोन लावला. आईने तो दादाकडे दिला.

"काय गं शहाणे, कामावर माशा मारतेस वाटतं?" नळावर पाना ठोकत दादा म्हणाला.

"दादा, तू नुसता बोलत राहा."

"बरं बाई. तर या नळाचा वायसर आहे ना..."

चार वाजले. शेजारी साहेबांचा हात जुन्या सर्व्हरच्या कीबोर्डकडे गेला. "साहेब, थांबा!" ती ओरडली. तोवर त्यांनी एंटर दाबलं होतं.

फोनमधली ठोकाठोक थांबली.

"अगं, बोल की," आई म्हणाली. "मघापासून एकटीच हॅलो हॅलो करतेय मी."

"दादाला दे."

"कोणाला? हे बघ, येताना नळवाल्याला सांगून ये. सकाळपासून गळतोय."

तिने वही उघडली. तिच्याच अक्षरात, कुठेही खाडाखोड नसलेला आकडा होता: ४१,२०७.