शुक्रवारची शर्यत

ब्रेकचं पेडल पुन्हा निखळून गालिच्यावर पडलं आणि पडद्यावरची निवृत्त शिक्षक उस्ताद शौकींची गाडी सरळ कठड्यावर जाऊन आदळली.

"झालं," स्वयंपाकघरातून नबीला म्हणाल्या. "माझी भाजी चिरायची फळी गेली, कपाटाच्या बिजागऱ्या गेल्या. अहो, शाळेत भूगोल शिकवायचात तेच बरं होतं. निदान नकाशे तरी मोडत नव्हते."

शौकींनी चाक सोडलं. गुडघे धरत खाली बसले आणि गालिच्यात स्क्रू शोधू लागले.

यंत्र त्यांनी स्वतः बांधलं होतं, आणि ते तसंच दिसत होतं. चाक एका मोडीत निघालेल्या टॅक्सीचं, अलेक्झांड्रियाच्या भंगार बाजारातून आणलेलं. त्याच्यामागे जुन्या रेडिओचं आवाज कमीजास्त करायचं बटण. चाक फिरलं की बटण फिरायचं आणि संगणकाला वळण कळायचं. निदान कळायला हवं होतं. कधी गाडी वळायची, कधी जागच्या जागी थरथरायची. चाक परत मध्यावर यावं म्हणून सायकलच्या ट्यूबचे पट्टे ताणले होते. ते उकाड्यात सैल पडायचे. तयार चाक विकत आणा, असं नबीला म्हणाल्या तेव्हा शौकी दोन दिवस फुगून बसले होते.

आणि हे सगळं हातिमसाठी.

हातिम त्यांचा एकुलता एक. जर्मनीला शिकायला गेला आणि कुणाला न विचारता तिथल्या आन्के नावाच्या मुलीशी लग्न करून मोकळा झाला. त्या बाईचं नाव माझ्या घरात निघणार नाही, असं शौकींनी फोनवर सांगितलं. त्यानंतर हातिम फक्त आईशी बोलायचा, आणि बाबांचा विषय निघाला की फोन ठेवायचा. म्हणून नबीलाही तो विषय काढत नसत. बाप तसा लेक, असं त्या म्हणायच्या. त्यात कौतुक नसायचं.

मग एका शुक्रवारी, नमाजाहून आल्यावर, शौकी हातिमच्या जुन्या संगणकावर पत्ते खेळत बसले होते. त्याच संगणकात हातिमनं जाण्याआधी शर्यतीचा खेळ घालून ठेवला होता. त्याच्या खेळातल्या नावानं निरोप आला. एकच शब्द: शर्यत?

शौकी सपाटून हरले. बटणं दाबून कुठे गाडी वळते का, असं त्यांनी वैतागून लिहिलं. उत्तर आलं, "चाक बनवा मग."

तेव्हापासून दर शुक्रवारी शर्यत, आणि मधले दिवस डोकेदुखी.

माइक लावू का, असं शौकींनी एकदा विचारून पाहिलं. नको, असं उत्तर आलं. एवढा ताठा असायचाच, शौकींनी मनाशी म्हटलं. आपलाच आहे. पण लिहिणं मात्र बघवत नसे. तोकडी वाक्यं, अक्षरं उलटीसुलटी. जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस कपाळाला हात लावायचा. परदेशात जाऊन स्वतःची भाषा विसरला, अशी कुरकुर नबीलांना रोज ऐकावी लागे.

यंत्राची जाण मात्र पक्की होती. ब्रेक फार हलका लागतो, अशी तक्रार केली, तर सल्ला आला: पेडलामागे रबरी चेंडू अर्धा कापून लावा. खरा ब्रेक आधी दबतो, मग अडतो. शौकींनी चेंडू लावला आणि पाय ठेवताच त्यांना हसू फुटलं.

"ज्याला भिंतीत खिळा ठोकता येत नव्हता, त्याला आता हात फुटलेत," ते नबीलांना म्हणाले.

"तुमचे कधी फुटणार?" नबीलांनी विचारलं.

त्या दिवशी पेडल कसंबसं बसवून शौकी पुन्हा खेळले आणि पुन्हा हरले. रमजान संपत आला होता. त्यांनी काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. "ईदला ये. आई वाट बघते."

मग आलं, "आणि आन्के?"

शौकींनी चाकाचा पट्टा उगाच ताणून बघितला. मग लिहिलं, "तू ये."

"बरं."

ईदच्या दिवशी नबीलांनी केलेल्या साखर भुरभुरलेल्या बिस्किटांचा डबा कुणी उघडला नाही. हातिम आलाच नाही. दुसरा दिवस शुक्रवार. दुपारी संगणकावर नेहमीचा निरोप उमटला: शर्यत?

शौकींचा संताप अनावर झाला. आईला रडवायचं आणि वर खेळायला हजर. आज याला हरवायचं आणि मग चार शब्द सुनावायचे, असं ठरवून ते चाकाला बसले. पट्टे धड होते, बटण धड होतं, ब्रेक जागेवर होता. दोन्ही गाड्या जोडीनं धावत होत्या. शेवटच्या वळणावर शौकींची गाडी पहिल्यांदाच पुढे निघाली.

तेवढ्यात दार वाजलं. नबीलांचा हुंदका ऐकू आला, पाठोपाठ बॅग टेकवल्याचा आवाज. शौकींनी वळून पाहिलं. खोलीच्या दारात हातिम उभा होता, वाळलेला, दाढी वाढलेली.

"काल विमान चुकलं," तो म्हणाला. "बाबा, तुम्ही खरंच बोलावलंत मला?"

शौकींचे पाय पेडलांवरून निघाले. ते उठले आणि त्यांनी मुलाला छातीशी धरलं. मग हातिमचं लक्ष बापाच्या खांद्यावरून त्या फळ्यांकडे, टॅक्सीच्या चाकाकडे आणि पडद्याकडे गेलं.

"हे काय?" त्यानं विचारलं. "कोणाशी खेळताय?"

"तुझ्याशी," शौकी म्हणाले.

हातिमनं नकारार्थी मान हलवली. शौकी सावकाश पडद्याकडे वळले. त्यांची गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. दुसरी गाडीही पुढे गेली नव्हती. खाली अक्षरं उमटत होती.

"काय झालं, बाबा? मी थांबलेय."