पहिल्या कढईची चव

पेढ्यांच्या दुकानासाठी कल्पनाताई भोकरे पेमेंट गेटवे निवडत होत्या. मागच्या आठवड्यात दोन टक्के कमिशनवाला वापरून झाला होता. या आठवड्यात फुकटचा होता. त्याचा खर्च विमा कंपनी करायची, म्हणून यंत्रावर तळहात टेकवला की गिऱ्हाइकाच्या रक्तातली साखर बघूनच तो पैसे स्वीकारायचा.

शनिवारी नेर्लेकर गुरुजींचा पाव किलो त्यानं नाकारला.

“मारुतीला ठेवायचेत. मी कुठं खाणाराय?” गुरुजी म्हणाले.

“त्याला मारुती कळत नाही, गुरुजी. थांबा, माझ्या हातानं करते.”

ताईंनी तळहात टेकवला. सव्वीस वर्षांत पहिल्या कढईतला पेढा चाखल्याशिवाय त्यांनी दुकान उघडलं नव्हतं आणि दवाखान्याची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. यंत्रावर लाल दिवा लागला.

त्यांनी पेढे तसेच बांधून दिले. मग एजंटाला फोन करून सांगितलं, “दोन टक्केवाला बसवा. हा उद्या घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिला पेढा त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवला.

“बघा बरं, साखर बरोबर पडलीय का.”